सतरा चिठ्ठ्या

फोन आला तेव्हा सतरावा शिपाई माझ्या चिमट्यात डोकं खाली, पाय वर असा अडकलेला होता, आणि त्याच्या तळाला चिकटवलेला कागद मी मशीनने घासून काढत होते. हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"वैजयंतीताई का? मी ज्योत्स्ना निकम. तुम्ही आमच्याकडून पेटी घेतली होती ना, शिपायांची?"

घेतली होती. आठवड्यापूर्वी, जुन्या वस्तूंच्या साइटवरची जाहिरात बघून, साताऱ्याच्या स्टँडसमोर उभ्या उभ्या. पत्र्याची पेटी आणि आत धातूचे अठरा शिपाई, बोटाच्या दोन पेरांएवढे. बाई घाईत होती, पेटी हातात देऊन मागे न बघता निघून गेली होती.

"ती पेटी मला परत हवीय ताई. गुरुवारी सकाळपर्यंत."

तो सोमवार होता.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होते. टेबलावर लढाई खेळायचा एक खेळ असतो. छोटे शिपाई, टेकड्या, फासे. हे शिपाई रंगवायचा नाद असलेले लोक जगभर आहेत, हे मला महिन्यापूर्वी मोबाइलवर कळलं होतं आणि लगेच वाटलं, हे तर आपल्या डाव्या हातचं काम. जी बाई शेजारच्या दाताशी रंग जुळवून नवा दात करते, तिला शिपायाचा सदरा रंगवणं काय जड आहे? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत होती. ब्रश लॅबमधले, मशीन लॅबमधलं, चिमटे लॅबमधले. शिपाई तेवढे नव्हते, ते ज्योत्स्नाकडून मिळाले.

मी तिला सरळ विचारलं, विकलेली वस्तू परत मागायची तुमच्याकडे पद्धत आहे का?

"पेटी माझी नव्हती," ती म्हणाली. "सासऱ्यांची आहे. त्यांना न विचारता विकली मी."

मग तिने भडाभडा सांगितलं. सासरे फौजेत होते, सुभेदार. निवृत्त होताना मानद कॅप्टन झाले. वर्षातून एकदा, एका ठरलेल्या तारखेला, यंदा ती गुरुवारी येते, ते ही पेटी उघडून सकाळपासून टेबलाशी बसतात. काय करतात ते कुणाला सांगत नाहीत. पण त्यानंतर आठ-आठ दिवस कुणाशी बोलत नाहीत. मागच्या वर्षी तर रक्तदाब इतका वाढला की दवाखान्यात ठेवावं लागलं. नवरा पुण्याला नोकरीला, घरी ही एकटी. तिला वाटलं, पेटीच नसली तर विसरतील. शनिवारी त्यांनी पेटीची जागा रिकामी बघितली. ओरडले नाहीत. फाटकापाशी खुर्ची टाकून बसले, ते जेवणापुरतेच आत येत होते.

"मी सांगितलंय, पेटी रंगवायला दिलीय. त्यामुळे रंग गेला असेल तरी चालेल. फक्त शिपायांच्या खाली चिठ्ठ्या आहेत ना, तेवढ्या जशाच्या तशा असू द्या. त्या आहेत ना?"

माझ्यासमोर पांढऱ्या भुकटीचा छोटासा ढीग होता.

"आहेत," मी म्हणाले.

का म्हणाले? लाज वाटली म्हणून. माझ्या हातून काम बिघडलं असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि फोनवरच्या अनोळखी बाईने ते पहिल्यांदा म्हणावं हे मला सोसलं नसतं.

फोन ठेवला आणि अठरावा शिपाई उचलून उलटा केला. त्याच्या तळाची चिठ्ठी शाबूत होती. बारीक, काटेकोर अक्षरात तिच्यावर एकच शब्द लिहिलेला होता. 'मी'.

घासलेल्या सतरांवरही काहीतरी लिहिलेलं होतं, हे मी बघितलेलं होतं. अक्षरं दिसली होती. पण मला वाटलं, खेळातल्या काहीतरी खुणा असतील. व्हिडिओत सांगणारा माणूस म्हणाला होता, जुने शिपाई घेतले की आधी त्यांचं जुनं सगळं काढून टाका, रंग, गोंद, तळ, सगळं. मी आज्ञाधारकपणे काढलं होतं. आणि नुसतं एवढंच नाही. त्याआधी रविवारभर थिनरच्या बोळ्याने रंग उतरवला होता, आणि मग एकेकाला नीट बघितलं तर प्रत्येकात काहीतरी खोट. कुणाची रायफल वाकलेली, कुणाच्या टोपाला खाच, एकाचा पाय घासून आखूड झालेला, एकाचा कानच नाही. कुणीतरी हयगयीने वापरलेत असं मी ठरवून टाकलं. रायफली चिमट्याने सरळ केल्या. खाचा कवळीच्या मसाल्याने बुजवल्या. कान बसवला. आखूड पायाखाली भर घातली. काम इतकं सफाईदार झालं होतं की मी स्वतःवरच खूश होते.

मंगळवारी दुपारी मीच ज्योत्स्नाला फोन केला. रात्रभर झोप नव्हती. म्हटलं, चिठ्ठ्या नाहीत. तुमचा फोन आला तेव्हाच नव्हत्या.

ती म्हणाली, "तुम्ही आहेत म्हणालात."

"म्हणाले."

"मग आता मी त्यांना काय सांगू?"

उपाय तिच्याकडेच निघाला. आबांची, म्हणजे सासऱ्यांची, एक वही होती, कपाटात खालच्या खणात. तीत नावं होती. संध्याकाळी तिने त्या पानाचा फोटो पाठवला. सतरा नावं एकाखाली एक, तसल्याच काटेकोर अक्षरात. कोण होते हे लोक, मी विचारलं. त्यांच्या पलटणीतले असतील, ती म्हणाली, तिलाही यापलीकडे माहीत नव्हतं. आणि मग आम्ही दोघींनी, धड ओळख नसलेल्या दोन बायकांनी, ठरवून टाकलं की चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या. अठरा शिपाई मिळून साचे चारच. कुठला कोण हे त्या म्हाताऱ्या माणसाला तरी काय कळणार?

मी लॅबमध्ये दोन दिवसांची रजा टाकली.

रंगवण्याच्या नावाने आधी बट्ट्याबोळच झाला. पहिल्या तिघांना रंग इतका जाड बसला की नाकडोळे बुजून गेले, परत थिनर. मग लॅबमधली सवय कामाला आली. दाताला रंग देतात तसा पातळ करून, वाळू देऊन, पुन्हा वर दुसरा हात. ज्योत्स्नाच्या जाहिरातीतला फोटो मोठा करून समोर ठेवला होता, त्यात बघून तोच हिरवा, तोच मातकट. डोळे काढताना श्वास धरावा लागे, आणि तरी सगळे शिपाई परीक्षेला बसल्यासारखे दचकून बघत होते. तळांवर गोंद लावून रांगोळी आणि वाळवलेली चहापूड भुरभुरली. बुधवारी दुपारी सगळे उभे राहिले. अठरा शिपाई, एकजात ताठ.

चिठ्ठ्या सगळ्यात शेवटी. कागद चहाच्या पाण्यात बुडवून इस्त्रीखाली वाळवला, म्हणजे जुना दिसावा. वहीतलं अक्षर दोन पानं गिरवलं. पहिली चिठ्ठी लिहिली, हिंदुराव शेलार. आणि ती कुणाला लावायची इथे हात अडला. एखाद्या माणसाचं नाव आपण वाटेल त्याला चिकटवतोय, याची किळस आली. दोन मिनिटं आली. मग जो हाताला लागला त्याला लावली. पुढच्या सोळा भराभर लावल्या.

गुरुवारी सकाळी नऊला मी रहिमतपूरच्या अलीकडे त्यांच्या गावात पोचले. फाटकापाशी खुर्ची होती आणि खुर्चीत कॅप्टनसाहेब होते. सत्तरीपुढचे, उंच, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. माझ्या हातातल्या पेटीकडे बघून ते उठले आणि काही न बोलता आत गेले. मी मागोमाग.

बाहेरच्या खोलीत मोठं टेबल होतं. त्यावर विटांवर पोतं अंथरून आणि त्यावर प्लास्टर थापून केलेली एक टेकडी. वर सपाट माथा, एका बाजूने खाली उघडा उतार, उताराच्या पायथ्याशी निळा रंग लावलेली वाटी. टेबल आधीच मांडून ठेवलेलं होतं. ज्योत्स्नाने चहा आणला आणि ती दाराशीच उभी राहिली. तिचं तोंड उतरलेलं होतं.

त्यांनी पेटी उघडली. पहिला शिपाई उचलला, उलटा केला, चिठ्ठी वाचली. मग सुलटा करून त्याच्या रायफलीवरून अंगठा फिरवला, खालून वर. खाली ठेवला. दुसरा घेतला. वाचला, अंगठा फिरवला. असे सतरा. अठरावा त्यांनी वाचला आणि टेकडीच्या माथ्यावर ठेवला.

"लई झाक रंगवलंत," ते म्हणाले.

मी काहीतरी पुटपुटले.

"ह्यातला हिंदुराव कुठला, ताई?"

मी दाखवला. चिठ्ठीही दाखवली.

"हिंदुरावाची रायफल वाकडी हुती. म्याच वाकवली हुती, पक्कड लावून. त्यो डावरा. रायफल कायम आडवी धरायचा, किती शिव्या घातल्या तरी." त्यांनी दुसरा उचलला. "ह्यो तुमचा आत्माराम. आत्मारामाच्या टोपाला खाच पाडली हुती. ह्यो गणपा, ह्याला कान नव्हता. लहानपणी कुत्र्यानं फाडलेला." आवाज चढला नव्हता. गावातल्या माणसांबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. "आता समदे सरळ हायेत. चिठ्ठ्या कुणी लिव्हल्या?"

"आबा, माझ्यामुळं..." ज्योत्स्ना म्हणाली.

"मी लिहिल्या," मी म्हटलं. "खऱ्या घासून टाकल्या. कुठला कोण ते मला माहीत नव्हतं. खाचा, कान, सगळं मीच बुजवलं. मला वाटलं मोडलेत."

"सतराच्या सतरा?"

"सतराच्या सतरा. तुमची तेवढी खरी आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. आता हा माणूस हात उगारेल, किंवा छातीला हात लावून खाली बसेल, आणि काहीही झालं तरी ते माझ्यामुळे, असं मला वाटत होतं. इतकी भीती मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. त्यांनी हिंदुराव म्हणून दाखवलेला शिपाई उचलला आणि नखाने त्याची चिठ्ठी खरवडायला लागले. चहात बुडवलेला कागद चिवट झाला होता. ती निघाली. मग पुढची. एकेक करून सतराही निघाल्या, तोवर आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

"बसा," ते म्हणाले. ज्योत्स्नालाही म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कुठली चौकी, कुठलं साल, ते सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. टेकडीच्या माथ्यावर ते आणि सतरा जण. तीन दिवस वर पाणी नव्हतं, एक जण जखमी होऊन पाणी पाणी करत होता. झरा खाली होता, आणि मधला उतार समोरच्यांच्या माऱ्यात. दोघांना पाठवणं भाग होतं.

"हिंदुराव आन आत्माराम. का म्हायतीय? जवळ हुबे हुते. दुसरं काय कारण न्हाई. हाताजवळ हुते, त्यांना म्हनलं, जावा."

दोघे परत आले नाहीत.

फौजेतून सुटल्यावर ते पाचगणीच्या एका निवासी शाळेत सुरक्षेचं काम बघत. तिथे इतिहास शिकवणारे दस्तूर सर हा लढाईचा खेळ खेळत. त्यांना हे कळलं, तेव्हा त्यांनी ही पेटी दिली आणि म्हणाले, मांडून बघ निकम. दुसऱ्या दोघांना पाठव, फासा टाक. दोष तुझा का फाशाचा, ते तुला कळेल.

"सव्वीस वर्सं मांडतोय," ते म्हणाले. "नाव वाचायचो आन ठेवून द्यायचो. गणपाला पाठवू? त्याची पोरगी बारकी. शंकरला? समद्यांचं कायतरी हायेच की. फाशापतूर कदी पोचलोच न्हाई."

ज्योत्स्ना रडत होती. त्यांनी तिकडे बघितलं नाही. सतराही शिपाई पेटीत टाकले, झाकण लावलं, पेटी दोन्ही हातांनी हलवली. धातू पत्र्यावर आपटल्याचा आवाज झाला आणि माझ्या कोवळ्या रंगाचं काय होत असेल, असा एक मूर्ख विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. मग त्यांनी पेटी उघडली आणि न बघता शिपाई माथ्यावर मांडले. सगळ्यांत जवळचे दोन उचलले. हात थांबला. दोघांनाही उलटं केलं. खाली नुसता धातू आणि नखाचे ओरखडे.

त्यांनी दोघांना उताराच्या तोंडाशी ठेवलं.

खाली जाताना तीन टप्पे, येताना तीन. प्रत्येक टप्प्याला दोघांचा मिळून एक फासा. एक पडला की दोघे गेले. हे त्यांनी मला एका दमात सांगितलं आणि फासा टाकला.

चार. शिपाई एक टप्पा खाली आले. मग दोन. मग पाच, आणि दोघे निळ्या वाटीपाशी पोचले. तिथे कॅप्टनसाहेब जरा थांबले. कपाळ पुसलं नाही, घाम तसाच गळत होता. मला त्या रक्तदाबाची आठवण झाली आणि मी ज्योत्स्नाकडे बघितलं. थांबवायचं का? तिने मान हलवली, नको.

परतीचा पहिला, सहा. दुसऱ्या वेळी फासा घरंगळत जाऊन टेकडीला टेकला आणि तिरका उभा राहिला. बसल्या जागेवरून त्यांना तो दिसत नव्हता.

"काय हाय?"

मला दिसत होतं. एकच्या आकड्याकडे झुकलेला होता. "टेकलाय," मी म्हणाले.

"सर म्हनायचे, टेकलेला फासा धरायचा न्हाई. परत टाकायचा."

परत टाकला. तीन.

शेवटचा टप्पा उरला. त्यांनी फासा मुठीत घेतला आणि मूठ तशीच टेबलावर राहिली. बोटं उघडत नव्हती. कितीतरी वेळाने त्यांनी मूठ माझ्याकडे सरकवली.

"तुमी टाका, ताई."

मी नाही म्हटलं. खरंच नाही म्हटलं. मी तुमचं एवढं नुकसान केलंय, आता हे माझ्या हातून नको.

"टाका. माझ्यानं आजबी व्हनार न्हाई."

फासा त्यांच्या घामाने ओला होता. मी डोळे मिटून टाकला. टेबलावर दोनदा आपटला आणि थांबला. डोळे उघडायची माझी हिंमत होत नव्हती. मग ज्योत्स्नाचा आवाज आला, "आबा, दोन आहे. दोन."

मी बघितलं. दोन होते.

कॅप्टनसाहेबांनी त्या दोघांना उचललं आणि माथ्यावर, स्वतःच्या शिपायाच्या शेजारी, एकाला डावीकडे आणि एकाला उजवीकडे ठेवलं. मग पुन्हा उचलून उलटे केले. काही दिसेना म्हणून खिडकीकडे नेऊन उजेडात धरले.

"कोन हायेत ह्ये?" त्यांनी मला विचारलं.

दोन नावं माझ्या जिभेवर होती. पण या घराशी मी आधीच एकदा तोंडाने आणि सतरा वेळा हाताने खोटं बोलले होते.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मलाबी न्हाई." त्यांनी दोघांना परत जागेवर ठेवलं, सावकाश, रंगाला धक्का लागू नये असं. "कुनालाच म्हाईत न्हाई. मग त्येच असतील की. असतील ना, ताई?"

"तेच आहेत," मी म्हणाले.